पाठराखीण

‘कॉन्ट्रास्ट द्यावा लागेल, आधी क्रिएटिनिन करून आणा,’ असं एमआरआय सेंटरवर सांगतात, तेव्हा ही स्वारी येणार असते. नाव गॅडोलिनियम. धातू, अणुक्रमांक ६४. सुटी सोडली तर विषारीच: तिचा आयन साधारण कॅल्शियमच्या मापाचा, त्यामुळे पेशींतल्या कॅल्शियमच्या वाटा अडवून बसतो. म्हणून तिला मोठ्या सेंद्रिय रेणूत जखडूनच शरीरात सोडतात. सैल जखडलेल्या काही प्रकारांमुळे किडनी निकामी झालेल्यांची कातडी ताठ होते, हे २००६च्या सुमारास लक्षात आलं आणि क्रिएटिनिनची चौकशी कडक झाली.

गंमत म्हणजे एमआरआयमध्ये ती स्वतः दिसतच नाही. अंगात सात एकेकटे इलेक्ट्रॉन. त्यांच्या जोरावर ती आसपासच्या पाण्यातल्या हायड्रोजनला डिवचते. चित्रात पांढरं उमटतं ते पाणी, नाव होतं हिचं.

नसेतून दिली तर निरोगी मेंदू तिला दारातच अडवतो. जीन थेरपीत मात्र तिला थेट आत नेतात. क्रिस्तोफ बांकिएविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ही रीत बसवली, आधी माकडांवर, मग माणसांवर. पार्किन्सनचा रुग्ण भूल देऊन यंत्रात ठेवलेला. कवटीच्या छोट्या भोकातून एक बारीक नळी पुटामेन या केंद्रापर्यंत. पंपातून मिनिटाला काही मायक्रोलिटर द्रव. त्यात जनुक वाहून नेणारा एएव्ही विषाणू आणि सोबतीला गॅडोटेरिडॉल, म्हणजे घट्ट जखडलेली आपली स्वारी. नव्या नवरीबरोबर पाठराखीण धाडावी, तशी.

पडद्यावर नळीची काळी रेघ दिसते. टोकाशी एक पांढरा ठिपका उमटतो, फुगतो, लांबट होत पुटामेनच्या कडेला टेकतो. कधी नळीला धरून पांढरं वर चढू लागतं: द्रव उलटा फिरला. कधी ते एखाद्या रक्तवाहिनीच्या कडेने भलतीकडेच पळतं. मग पंप हळू करायचा, नळी जराशी पुढे सारायची, सगळं तिथल्या तिथे.

ही सोबत नसताना काय व्हायचं? न्यूरटुरिन या प्रथिनाचं जनुक असंच न बघता पुटामेनमध्ये सोडलं गेलं होतं. २०१०मध्ये निकाल आला: नुसतं शस्त्रक्रियेचं सोंग केलेल्या गटाच्या तुलनेत बारा महिन्यांनी फरक नाही. पुढे मरण पावलेल्या काही रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा पुटामेनच्या थोड्याच भागात जनुक पोचलेलं आढळलं. जनुक नापास की पोच नापास, हे सांगायला त्या वेळी आत कोणी नव्हतं.

एएडीसी हे एन्झाइम जन्मतःच नसलेल्या मुलांत तर जागा आणखी अवघड, थेट मध्यमेंदू. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चार ते नऊ वर्षांची सात मुलं होती. या आजारात डोळे तासन् तास वर खेचलेले राहतात, ते झटके सहा जणांचे थांबले. इतक्या चिमुकल्या जागी आंधळेपणाने ओतायला माझा तरी हात धजावला नसता.

पण हिच्या साक्षीला मर्यादा आहे. द्रव कुठवर गेला, एवढंच ती सांगते. जनुक पेशीत रुजलं का, कामाला लागलं का, याबद्दल अवाक्षर नाही. ती चौकशी काही महिन्यांनी पेट स्कॅन करतो. पार्किन्सनच्या पंधरा रुग्णांच्या चाचणीचे आकडे २०१९मध्ये आले. पाच-पाचांच्या तीन गटांत पुटामेनचा सरासरी २१, ३४ आणि ४२ टक्के भाग व्यापला गेला, हे हिच्या भरवशावर. त्यांना दिलेल्या जनुकाच्या, म्हणजे त्याच एएडीसी एन्झाइमचं काम १३, ५६ आणि ७९ टक्क्यांनी वाढलं, हे पेटचं म्हणणं. दोन्ही रांगा चढत्या आहेत खऱ्या. पण गटागणिक विषाणूची मात्राही चढती होती. जास्त जागा व्यापल्याचा वाटा किती आणि जास्त विषाणू दिल्याचा किती, हे हिला विचारून उपयोग नाही.