आब महिन्याची नवमी

सन २०१७ च्या जुलैअखेर, यरुशलेम येथें शिकत असलेल्या आमच्या पुतण्याच्या भेटीस जाण्याचा योग आला. त्याच वर्षीं चैत्रांत आमच्या वहिनी निवर्तल्या. तेव्हां त्याची परीक्षा तोंडावर आली होती. "अभ्यास टाकून येऊं नकोस, आईचें सर्व आम्ही यथाविधि करूं," असें आम्हींच त्यास कळविलें. तो आला नाहीं. परीक्षेंत उत्तम उतरला. मात्र पुढें त्याचीं पत्रें दोन ओळींचीं येऊं लागलीं. म्हणून आम्ही निघालों.

त्याच्या घरमालकीणबाई मूळच्या अलिबागकडील बेने इस्राएल. कोंकणांत ज्यांस शनवार तेली म्हणत, तेच हे लोक. १९४८ नंतर त्यांपैकीं पुष्कळ इस्राएलांत जाऊन वसले. बाई आमच्याशीं अगत्यानें मराठींत बोलत. परंतु ३१ जुलैच्या सायंकाळीं आम्हीं नमस्कार केला, तों त्यांनीं नुसती मान खालीं घातली. आमचें कांहीं चुकलें कीं काय, अशी शंका आली.

पुतण्यानें उलगडा केला. यहुद्यांचा दिवस सूर्यास्तापासून मोजतात आणि त्या सूर्यास्ताला त्यांच्या आब महिन्याची नवमी लागली होती. यरुशलेमचें पहिलें मंदिर बाबिलोनी सैन्यानें ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास, व दुसरें रोमन सेनापति टायटस याच्या सैन्यानें इ. स. ७० मध्यें उद्ध्वस्त केलें. त्या दोहोंचा शोक याच दिवशीं पाळतात. दुसऱ्या रात्रीं तारे दिसेपर्यंत अन्न नाहीं, पाणी नाहीं, स्नान नाहीं, चामड्याचें पादत्राण नाहीं. मंद उजेडांत, भुईवर बसून विलापगीतांचा ग्रंथ वाचावयाचा. परस्परांस अभिवादनही करावयाचें नाहीं. कोंकणांत या उपासास वालाच्या बिरड्यावरून 'बिरड्याचा रोजा' असें नांव पडलें आहे.

रात्रीं आम्हीही बाईंजवळ भुईवर बसलों. पुतण्याच्या मांडीवर नेहमींप्रमाणें पुस्तक होतें. बाई म्हणाल्या, "बाळा, आज पुस्तक मीट. आज आम्ही तोरासुद्धां शिकत नाहीं. शिकण्यानें मन सुखावतें, आणि आजचा दिवस सुखाचा नव्हे. दुःखाचें तेवढें वाचावें."

आम्ही चपापलों. सुतकांत स्वाध्याय वर्ज्य, हा नियम आम्हीं जन्मभर मुलांस सांगितला. त्याचें कारण अशौच, एवढेंच आम्ही जाणत होतों. शोकास वाट मिळावी म्हणून विद्येनेंही क्षणभर दूर व्हावें, हा अर्थ आम्हांस त्या रात्रीं उमगला. आणि आमच्याच घरच्या मुलास आम्हीं अनध्याय नाकारला होता!

त्यानें पुस्तक मिटलें. बऱ्याच वेळानें विचारलें, "काका, आई शेवटीं कांहीं बोलली का?" इतक्या दिवसांत हें त्यानें प्रथमच विचारलें. वहिनींनीं दोनदां त्याचें नांव घेतलें होतें. त्याचें मन विचलित होईल म्हणून पत्रांत तें लिहिण्याचें आम्हीं टाळलें होतें, आतां सांगितलें. तो रडला. आमचेही डोळे कोरडे राहिले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं तारे दिसल्यावर उपास सुटला. बाईंनीं आमच्या नमस्कारास हंसून उत्तर दिलें आणि पानांत वालाचें बिरडें वाढलें. पुतण्यानें तें दोनदां मागून घेतलें.

ज्या वाचकांचीं मुलें परदेशीं शिकतात, त्यांस आमची एवढीच विनंति: घरीं दुःख ओढवलें, तर अभ्यासाची सबब सांगून मुलास त्यांतून वगळूं नये. परीक्षा पुन्हां येते.