शून्यावरचा काटा

आमच्या अण्णांच्या वडाप जीपचा वेगाचा काटा मी दहावीत असल्यापासून शून्यावर आहे. गिअरबॉक्सकडून मीटरकडे जाणारी केबल तुटली, एवढेच निमित्त. केबल फिरली की मीटरमधले लोहचुंबक फिरते, त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी वळते आणि काटा सरकतो. हे मी पुस्तकात वाचले. किलोमीटरचे आकडेही त्याच केबलवर फिरायचे. त्यामुळे माझ्या शिक्षणापायी अण्णा किती धावले, याची नोंद कुठेच नाही. चौथी शिकलेले अण्णा मात्र वेग कानाने ओळखतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मला परवाना मिळाला. एका संध्याकाळी रिकाम्या जीपची किल्ली अण्णांनी माझ्या हातात दिली. हात स्टिअरिंगवर, नजर मात्र त्या शून्यावर! शेवटी विचारले, ‘‘अण्णा, किती असंल?’’

बाहेर बघतच ते म्हणाले, ‘‘पन्नास.’’

घरातला पहिला कॉलेजकुमार मी! पडताळा नको? किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत मनगटावरचे घड्याळ पाहिले. 72 सेकंद. 3600 ला 72 ने भागले... बरोबर 50! आनंदाने मान वर केली, तो समोर उसाची ट्रॉली. मागे लाल दिवा नाही. मी ब्रेक दाबायच्या आत अण्णांनी स्टिअरिंग ओढले. जीप साइडपट्टीवर घसरत जाऊन थांबली. उसाचा पाला काचेला घासून गेला होता.

बराच वेळ कुणीच बोलले नाही. माझे पाय लटपटत होते. मग अण्णांनी माझ्या मनगटावरचे घड्याळ सोडवून आपल्या खिशात टाकले.

‘‘चल, घरापातुर दुसऱ्या गिअरातच घे.’’