मुद्रक-प्रकाशकाची ओळ

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५
विसर्जनाला तीन दिवस झाले नाहीत तोच रजिस्टर पोस्टाने नोटीस. मंडपवाल्याच्या वकिलाची, इंग्रजीत, चार पानी. गौरी विसर्जनाच्या दिवशी भाच्याने मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं होतं: ऐंशी खुर्च्यांचे पैसे घेतले, आल्या साठ, हा माणूस चोर आहे. वर त्याचा फोटोही. नोटीस दोघांच्या नावे, कारण अ‍ॅडमिन मी. लेखी माफी मागा, नाहीतर कोर्टात भेटू. मुदत पंधरा दिवस.

ताई एवढंच म्हणाली, "तुझ्या भरवशावर पोराला मंडळात पाठवलं होतं."

गुरुवार, ११ सप्टेंबर
संध्याकाळी भाच्याला घेऊन वकिलाकडे. सगळी पोळ, अख्खी गल्ली त्यांना नाना म्हणते. बडोद्याचं कोर्ट न्यायमंदिराच्या इमारतीतून दिवाळीपुऱ्याला गेलं, तरी नानांचं टेबल दांडिया बाजारातच आहे.

"ग्रुपात माणसं किती?"

"एकशे ब्याऐंशी."

"मग छापलंच की."

तिसऱ्या माणसाने वाचलं की कायद्याच्या लेखी मजकूर प्रसिद्ध झाला. बदनामीचं जुनं कलम ४९९-५०० आता नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६ लागू आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. भरपाईचा दिवाणी दावा वेगळा.

"पण खुर्च्या साठच होत्या, नाना!"

"त्या मोजून दाखवशील. चोर कसा दाखवशील?" शिवाय फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते चारचौघांत सांगण्यात लोकांचं हित होतं हेही पटवावं लागतं. मला हे ठाऊक नव्हतं. भाचा म्हणाला, पोस्ट केव्हाच डिलीट केली. नाना हसले. स्क्रीनशॉट मंडपवाल्याकडे असणारच, आता फोनमधलं आणखी काही पुसू नकोस, म्हणाले.

माझ्यापुरता दिलासा आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी सांगितलं की, संगनमत नसेल तर सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. हा निकाल गुजरातेत बंधनकारक नाही, पण दाखवता येतो. मी मान डोलावली. भाच्याच्या पोस्टखाली मी हसरा चेहरा टाकला होता, ते सांगितलं नाही.

रविवार, १४ सप्टेंबर
दांडिया बाजारातल्याच अरविंद निवासावरून जाताना आज पाय थबकले. अरविंद घोष बडोद्याच्या नोकरीत आले १८९३ साली आणि त्याच वर्षी मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये निनावी लेख लिहू लागले. लेख इतके जहाल की न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकाला बजावलं, असंच चालू ठेवलंत तर राजद्रोहाचा खटला ओढवेल. मग धार कमी झाली. पुढे १९०७ साली कलकत्त्यात ‘वंदे मातरम्’वर खटला झाला. अरविंदबाबू संपादक असल्याचं सिद्ध झालं नाही, ते सुटले. तुरुंगात गेला मुद्रक.

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणून ही गोष्ट मला लागते. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव नि छापखान्याचा पत्ता सक्तीचा केला होता. गणपतीच्या वर्गणीच्या हँडबिलावरसुद्धा ती बारीक ओळ मी शोधायचो, आणि नसली तर फॉर्म परत पाठवायचो. भाच्याच्या पोस्टवर ती ओळ होती: त्याचा मोबाइल नंबर. तीच कुणी वाचत नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर
ओटल्यावर एकच विषय. एकजण म्हणाला, आयटी कायद्याचं ६६-अ गेलं, आता काय लिहायचं ते लिहा. अर्धवट माहिती. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले, बंद पाळला गेला, आणि पालघरच्या एका मुलीने हा बंद कशाला असं फेसबुकवर विचारलं. तिला अटक झाली, तिच्या मैत्रिणीलाही. मैत्रिणीने फक्त लाइक केलं होतं. ते गाजलं, आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ६६-अ घटनाबाह्य ठरवलं. त्या मुलींचं काही चुकलं नव्हतं, हे मी ओटल्यावर मोठ्याने सांगितलं. पण बदनामी, धर्माधर्मांत तेढ, अश्लीलता यांची कलमं जिथल्या तिथे आहेत. आणि २०१४ चं नवरात्र आपण विसरलो? फेसबुकवरच्या एका छेडछाड केलेल्या चित्रावरून बडोदं पेटलं, मोबाइलचं इंटरनेट बंद करावं लागलं. ते चित्र ज्यांनी नुसतं पुढे ढकललं, त्यांना आपण काही केलं असं वाटलं नसणार.

लाइक करणाऱ्या मुलीचा विचार रात्रभर डोक्यात होता. तिला विनाकारण आत घातलं. मी मात्र खुशाल एका माणसाला चोर ठरताना हसलो होतो.

रविवार, २१ सप्टेंबर, सर्वपित्री
सकाळी नानांना हसऱ्या चेहऱ्याचं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, उत्तर लिहिण्याआधी सांगितलंस. माफीचा मजकूर मीच तपासला. ‘चोर’ हा शब्द मागे घेतला, फोटो टाकल्याबद्दल खेद व्यक्त केला, वीस खुर्च्यांचा हिशेब मात्र पावतीनिशी तसाच ठेवला. भाच्याने खाली पूर्ण नाव आणि पत्ता घातला. उत्तर उद्या पोस्टात पडेल. मुदत २४ तारखेला, तिसऱ्या माळेला संपते.