आबांचा फोन

2023 च्या मार्चमध्ये दिल्लीला पुसा संस्थेच्या कृषी विज्ञान मेळ्याला जाण्याचा योग आला. ते वर्ष भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर पाळलं जात होतं. म्हणून आमच्या तालुक्यातले बाजरीवाले आबा माझ्याबरोबर निघाले. वय सत्तरीचं, दिल्ली पहिल्यांदाच. एरवी आम्ही कुठल्याही धर्मशाळेत पथारी टाकली असती. पण आबांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्याने हट्टच धरला. "साहेब, बापानं जन्मभर खळ्यावर पाठ टेकली. दोन रात्री तरी मऊ गादीवर झोपू द्या." देशभर शाखा असलेल्या एका नावाजलेल्या हॉटेलात त्याने दोन खाटांची खोली घेतली. दोन रात्रींचे 11,000 रुपये आगाऊ भरले.

मनमाडला झेलम एक्स्प्रेस धरली आणि दुसऱ्या दिवशी दिल्ली गाठली. हॉटेलचा दर्शनी भाग म्हणाल तर लग्नघर! संगमरवरी फरशी, हंड्याएवढ्या फुलदाण्या, अत्तराचा घमघमाट. आबांनी चपला दाराबाहेर काढल्या. दरवान हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

लिफ्टचं दार पाचव्या मजल्यावर उघडलं आणि पेंड ओली होऊन बंद कोठीत राहिली की येतो तसा कुबट वास आला. पायाखालचा गालिचा ओला होता. खोलीत वातानुकूलित यंत्राच्या वरच्या छतावर बुरशीचे काळे डाग. खिडकी उघडायची सोय नाही. न्हाणीघरातला नळ ठिबकत होता. मला राहवेना. रिकामी लिटरची बाटली नळाखाली लावून घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासात बाटली भरली. म्हणजे ताशी 2 लिटर. आपल्या ठिबकच्या लहान ड्रिपरचा दर तोच. दिवसाचे 48 लिटर! आमच्याकडे एवढ्या पाण्यावर उन्हाळ्यात डाळिंबाचं झाड तग धरतं.

खाली सांगून आलो. काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "नोट कर लिया है, सर." माझ्या देखत वहीत लिहिलंही.

रात्री एकच्या सुमारास आबा उठून बसले. हाताच्या पोटरीवर एका ओळीत गांध्या. मी चादर काढून गादीची शिवण उलटवली. काळे ठिपके, टाकलेल्या काती, आणि मधे लालसर तपकिरी ढेकूण. राहुरीला शिकताना कीटकशास्त्राच्या तासाला हा प्राणी भिंगाखाली पाहिला होता. तो अन्नावाचून महिनोन्‌महिने काढतो, गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यात दडतो, आणि प्रवाशाच्या सामानातून गावोगाव फिरतो. श्रीमंत-गरीब त्याला ठाऊक नाही.

पुन्हा खाली गेलो. दुसरी खोली शिल्लक नव्हती. तो मुलगा सकाळपासून उभाच होता. त्याच्यावर काय रागवायचं? पुष्कळशा साखळी हॉटेलांत नाव एकाचं, इमारत दुसऱ्याची आणि चालवणारा तिसरा असतो. वाट्याने दिलेल्या रानाचा बांध फुटला की मालक वाटेकऱ्याकडे बोट दाखवतो आणि वाटेकरी मालकाकडे, तशातली गत. आबांनी आपली घोंगडी फरशीवर पसरली आणि झोपले. मी खुर्चीत बसून उजाडायची वाट पाहिली.

सकाळी मुलाचा फोन आला. आबा म्हणाले, "लई झ्याक हाय रे बाबा. गादी तर अशी, का सूर्य डोक्यावर आला तरी उठूच वाटंना." फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यानं पैकं घातलंत, साहेब. त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं?"

मेळा उत्तम झाला, आबांनी बियाणंही घेतलं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. परत येताना आबांना बजावलं, की पिशव्या घरात न्यायच्या नाहीत. अंगणात रिकाम्या करायच्या, कपडे कडकडीत पाण्यात टाकायचे, पिशव्यांच्या शिवणी तपासायच्या. मीही तेच केलं.

पण आबांचं ते "लई झ्याक" माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या तालुक्याला प्रशिक्षणासाठी येणाऱ्या शेतकऱ्यांचं एक निवास आहे. 24 खाटा. देखभाल माझ्याकडे. एप्रिलमध्ये एके दिवशी किल्ली घेऊन गेलो आणि अभिप्रायाची वही उघडली. तीन वर्षांची पानं चाळली. "सोय उत्तम." "व्यवस्था चांगली, आभारी आहोत." हीच पानं मी दरवर्षी अहवालाला जोडत आलो होतो. आबांचीही सही होती: "सोय चांगली आहे." न्हाणीघरात गेलो. दोन नळ ठिबकत होते. त्यांची तक्रार माझ्या टेबलावर दिवाळीपासून पडून होती, वर माझ्याच हातचा शेरा: "नोंद घेतली."

तडक आबांच्या रानात गेलो. बांधावर बसून सरळ विचारलं, "आबा, त्या प्रशिक्षणात आमच्याकडे झोप लागली होती का?"

आबा बराच वेळ ढेकळं फोडत राहिले. मग म्हणाले, "साहेब, तुमी सवता च्या घिऊन आला व्हता. कसं सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाद्या अंगणात काढल्या. जाड गादीच्या पोटात ऊन नीट पोचत नाही, म्हणून शिवणी उघड्या करून उलटसुलट तापवायच्या ठरवल्या. खाटांच्या सांध्यांसाठी हंडाभर पाणी उकळत ठेवलं. प्लंबर नळांशी बसला होता. दहाच्या सुमारास आबा आले, उन्हातून चालत. काही न बोलता ओळीतल्या सातव्या खाटेपाशी गेले, खाली बसले आणि कोपऱ्यातल्या फटीत काडी घालून मला म्हणाले, "इकडं या. हितनं सुरुवात करा."