आईबरोबर चार गांवचा हिवाळा

पुण्यांत सिमला ऑफिसच्या चौकांतून माझें रोज जाणेंयेणें होतें. १९२८ सालीं हवामान खात्याची कचेरी सिमल्याहून येथें हलली आणि तिच्या मागोमाग सिमल्याचें नांवहि पुण्यांत येऊन राहिलें. त्या शेजारामुळें असेल, पण थंडी आंकड्यांनीं सांगण्याची आम्हां पुणेकरांस भारी हौस. १७ जानेवारी १९३५ रोजीं येथें पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, ही गोष्ट आमच्या लहानपणीं वडील मंडळी काल घडल्यासारखी सांगत. गेल्या हिवाळ्यांत मात्र या आंकड्यांचा मला कांहीं उपयोग झाला नाहीं. माझ्यापुढील प्रश्न निराळा होता. घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या माणसाला कोणत्या गांवची हवा बाहेर काढील, हें मला पाहावयाचें होतें.

भाद्रपदांत आमचे वडील वारले. गुहागरच्या घरीं तीं दोघेंच राहत असत आणि पावसाळ्याचे दिवस सोडले तर रोज सकाळीं समुद्रावर एक फेरी करीत. या नेमांत वीस वर्षें खंड पडला नव्हता. कार्तिकांत मीं आईला पुण्यास आणलें. तिचें वय अठ्ठ्याहत्तर. ती जेवी, पोथी वाची, विचारल्यास उत्तर देई. परंतु दाराबाहेर म्हणून जाईना. डॉक्टरांनीं स्पष्टच सांगितलें कीं, रोज अर्धा तास चाललें नाहीं, तर गुडघे आंखडतील ते पुन्हां मोकळे व्हावयाचे नाहींत.

एके दिवशीं फार आग्रह करून मीं तिला सकाळीं साडेसहा वाजतां वेताळ टेंकडीच्या पायथ्याशीं नेलें. ही माझी चूक होती. पुणें हें डोंगरांच्या कुशींतलें गांव. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला म्हणजे उतारांवरची गार, जड हवा रात्रभर खालीं घरंगळत येते आणि सखल भागांत साचून राहते. म्हणून अशा सकाळीं पायथ्याशीं दांत वाजतात आणि माथ्यावर गेलेल्या माणसाला स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. रोज टेंकडी चढणाऱ्यांना हा अनुभव आहे. आई कांहीं माथ्यावर जाणारी नव्हती. तिला मीं नेमकें गारठ्याच्या डबक्यांत नेऊन उभें केलें होतें.

परत येतांना तिचें मन रमावें म्हणून मीं तिला याच पुण्यांतल्या एका शोधाची हकीकत सांगितली. येथील हवामान खात्यांतले शास्त्रज्ञ एल. ए. रामदास यांनीं १९३२ सालीं एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. शांत, निरभ्र रात्रीं उघड्या जमिनीला अगदीं चिकटून असलेली हवा सर्वांत थंड असावयाची, असा त्या वेळचा समज; परंतु त्यांच्या मोजणींत सर्वांत थंड थर जमिनीपासून एखाददुसरी वीत वर सांपडला. प्रथम पुष्कळांना हें खरें वाटेना. पुढें इतर ठिकाणीं मोजून पाहतां तसेंच आढळलें. आईनें हें सगळें शांतपणें ऐकून घेतलें आणि ती म्हणाली, "म्हणजे बरोबर माझ्या गुडघ्यांशीं!"

भाद्रपदानंतर तिनें केलेली ही पहिली थट्टा. पण दुसऱ्या दिवशीं ती बाहेर आली नाहीं, तिसऱ्याहि दिवशीं नाहीं.

मार्गशीर्षांत आम्ही गुहागरला गेलों. तेथील हवा तिच्या हाडांत मुरलेली. तेथें तरी ती चालूं लागेल अशी माझी खात्री होती. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गांठीपर्यंत माझी शाल मांडीवर आली होती. कोंकणांतला हिवाळा म्हणजे देशावरच्या माणसाला थट्टाच वाटते. दुपारीं घामाच्या धारा, आणि पहाटे मात्र पांघरूण ओढून घ्यावें असा गारवा. पण तेवढ्या गारव्यावर सगळ्या बागायतदारांचें लक्ष. रात्री नीट थंड झाल्या तर हापूसला मोहोर धरावयाचा, नाहींतर झाड नुसती पालवी काढून मोकळें! आमचे चुलतबंधु सकाळीं उठून आधीं अंगणांतल्या कलमाकडे पाहतात आणि मग देवाकडे.

पहिल्याच सकाळीं आई आपण होऊन उठली. आम्ही वाडींतून समुद्राकडे निघालों. त्या वेळीं मतलई वारा असतो. जमीन रात्रींतून निवालेली आणि पाणी त्या मानानें उबदार, म्हणून वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो व पाठीवर हात ठेवून पुढें लोटल्यासारखा वाटतो. गुहागरचा किनारा पश्चिमेला तोंड करून सरळ पसरलेला आहे. त्यामुळें सूर्य वर आला तरी माडांची आणि सुरूंची सावली बराच वेळ वाळूवर पडून राहते. उन्हाची रेघ आधीं दूर पाण्यावर उमटते आणि मग हळूहळू किनाऱ्याकडे सरकते. वाळू बर्फासारखी गार होती. आईनें चपला हातांत घेतल्या आणि ती माझ्याहि पुढें चालूं लागली. मला धन्य वाटलें.

सुरूच्या बनापर्यंत गेल्यावर ती एकाएकीं थांबली. मागें वळून तिनें वाळूवर उमटलेलीं पावलें पाहिलीं. म्हणाली, "चल, घरीं जाऊं. इथें चालायचें ते त्यांच्या पावलाबरोबर. माझें पाऊल आतां पडत नाहीं नीट."

आम्ही तेथें आणखी चार दिवस होतों. हवा चारहि दिवस फार सुरेख होती. आई ओटीवर बसून राहिली.

पौषांत तिला नागपुरास न्यावें असें धाकट्या बंधूनें लिहिलें, तेव्हां मी साशंकच होतों. नागपूर समुद्रापासून शेंकडों मैल आंत. उत्तरेंत हिमालयाकडे पाऊसबर्फ होऊन गेलें म्हणजे पाठोपाठ जे कोरडे, गार वारे सुटतात त्यांची धार मऊ करावयास तेथें खारी हवा नाहीं. २९ डिसेंबर २०१८ रोजीं तेथें पारा ३.५ अंशांवर आला होता. असल्या ठिकाणीं पौषांत म्हाताऱ्या माणसाला नेणें म्हणजे वेडेपणा, असें आमच्या घरांत सर्वांचें मत पडलें. आईला विचारलें, तर ती म्हणाली, "मला काय, कुठेंहि."

रात्रीं थंडी होतीच. दोन रजया लागत. परंतु ज्या कोरड्या हवेमुळें रात्र गारठते तिच्यामुळेंच दिवस तापतो, हें मीं लक्षांत घेतलें नव्हतें. सकाळीं दहाच्या सुमारास असें लख्ख, कोरडें ऊन पडे कीं अंगांतला गारठा पांच मिनिटांत निघून जाई. पुण्यांत आम्ही पहाटे उठून फिरावयास जाणें हा धर्म समजतों. नागपूरकर शहाणे, ते उन्हाची वाट पाहतात.

बंधूच्या इमारतीपुढें थोडी मोकळी जागा आहे. तेथें रोज अकराच्या सुमारास शेजारपाजारच्या पांचसात बायका उन्हाकडे पाठ करून बसत. मध्यें ओल्या तुरीच्या शेंगांचा ढीग. त्या दिवसांत विदर्भांत घरोघर सोलेभात व्हावयाचा आणि त्यासाठीं सोले सोलावयाचे. आई दोन दिवस वरून गॅलरींतून पाहत होती. तिसऱ्या दिवशीं तिला राहवलें नसावें. एक बाई दाणे आणि किडके एकत्रच टाकीत होती म्हणे! आई ताट घेऊन खालीं गेली.

त्यांतल्या एकीनेंहि तिला वडिलांविषयीं विचारलें नाहीं, सांत्वनाचा शब्द काढला नाहीं. सरकून जागा दिली आणि पुढ्यांत शेंगा टाकल्या. दुपारीं ती वर आली तेव्हां नखें हिरवीं झालीं होतीं, आणि कोणाच्या सुनेला कितवा महिना आहे येथपासून सर्व बातम्या तिला ठाऊक झाल्या होत्या.

आठवड्यानें भावजयीनें आणलेल्या शेंगा निबर निघाल्या. आईनें त्या चाळवून पाहिल्या आणि पिशवी घेऊन म्हणाली, "मंडई किती लांब आहे ग?" मंडई चालत पंधरा मिनिटांवर. जाऊन येऊन झाला अर्धा तास! भावजय माझ्याकडे पाहूं लागली. मीं तिला डोळ्यांनींच गप्प बसण्यास सांगितलें. त्या दिवसापासून आई एक दिवसाआड मंडईंत जाऊं लागली. कधीं शेंगा, कधीं संत्रीं, कधीं नुसतीच भाव विचारून परत. एका रविवारीं आम्ही सर्व जण फुटाळ्याच्या तलावावर गेलों, तेव्हां ती मुलांच्या बरोबरीनें कांठाकांठानें चालली. गुडघे दुखतात असें ती अजून म्हणते, पण तें आतां मंडईहून आल्यावर म्हणते.

माघांत इंदूरला अक्काकडे जाणें आधींच ठरलेलें होतें. माळव्याच्या रात्रींची कीर्ति जुनी आहे आणि ती खोटी नाहीं. तेथें बाहेर पडण्याची वेळ म्हणजे दिवेलागणीनंतरची. दिवसा सोन्याचांदीचीं दुकानें असलेल्या सराफ्यांत रात्रीं खाद्यपदार्थांची जत्रा भरते. तेथील तळलेला गराडू, वर मसाला आणि लिंबू पिळलेला, हातांत कढत द्रोण घेऊन थंडींत उभ्यानें खावा. आईनें चार फोडी खाल्ल्या, आवडल्याहि. पण ती गर्दी, ते धक्के! अक्कानें हौसेनें तिच्यासाठीं उन्हाची खोली रिकामी केली होती. आई त्या खोलींत तीन दिवस बसली. चौथ्या दिवशीं सकाळीं चहा घेतां घेतां, अक्का आंत गेली आहे असें पाहून, ती मला हलकेंच म्हणाली, "काय रे, नागपुरास ओल्या शेंगा अजून येत असतील का?"