कोपीपर्यंत गेलेली उपासना

आमच्या मंडळीत इंटरनेट आलं ते लॉकडाउनमुळे, असं सगळे म्हणतात. माझ्या मते ते आलं ऊसतोडीला गेलेल्या घरांमुळे. लॉकडाउन नसतं तर थोडं उशिरा आलं असतं, एवढंच.

आमचं चर्च नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून नगरच येतं. इमारत दगडी, अमेरिकन मराठी मिशनच्या काळातली. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यापासून आम्ही तिच्या छत्राखाली. मंडळीतली बरीच घरं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची, कोरडवाहू. दसरा झाला की मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतलेली कुटुंबं बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून निघतात. कोणी कोल्हापूरकडे, कोणी सांगलीकडे, काही पार कर्नाटकात. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की मगच परततात. म्हणजे नाताळ दरवर्षी कोयत्यावर, आणि ईस्टर लवकर आला तर तोही तिथेच.

मी शाळेत शिकवते. महिला मंडळाची चिटणीस म्हणून वर्गणीची वही माझ्याकडे असायची. हंगामाच्या महिन्यांत या घरांच्या नावांपुढे आडवी रेघ ओढलेली असे. ती रेघ मला टोचायची. माणसं वर्षभर यादीत आणि त्यांची सेवा मात्र अर्धंच वर्ष, हे बरोबर नाही, असं मी कमिटीत बोलत आले होते. पाळकसाहेब एखादी फेरी करून यायचे, पण एका माणसानं किती कारखाने गाठायचे?

जनता कर्फ्यूचा २२ मार्च २०२० हा रविवारच होता. त्या दिवशी घंटा झाली नाही आणि पुढेही कित्येक रविवार झाली नाही. तोडीला गेलेली आमची माणसं जिथे होती तिथेच अडकली. जिल्ह्यांच्या सीमा बंद, गावाकडे म्हातारी माणसं एकटी, आणि तिकडे उन्हाळ्यात पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, दिवस काढायचे. त्यांना परतायची परवानगी मिळाली ती एप्रिलच्या मध्यावर. १२ एप्रिलचा ईस्टर तोवर होऊन गेला होता.

तरुण संघाच्या मुलांना थेट प्रक्षेपण करायचं होतं. त्यांचा उत्साह खरा होता. पण तेव्हा मोबाइलवरून यूट्यूबवर थेट जायचं तर चॅनेलला किमान १००० सदस्य लागत, आणि आमच्याकडे चॅनेलच नव्हतं. फेसबुकवरून करता आलं असतं. मी फक्त एवढंच विचारलं की बघणार कोण? पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेले बघतील. कोपीतल्या दोन घरांत मिळून एक फोन, तोही पुष्कळदा बटणांचा जिओफोन. चार्जिंग करायचं किराणा दुकानात, दुकान उघडं असेल तेव्हा. दिवसाचा डेटा पोरांनी दुपारपर्यंत संपवलेला. अशा फोनवर तासाभराची उपासना कशी पोचणार? मात्र त्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालत होतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तेव्हाची १६ एमबीची मर्यादा आवाजासाठी भरपूर होती. तेव्हा आम्ही चित्र सोडून दिलं आणि नुसता आवाज धरला. एक गीत, शास्त्रवाचन, दहा मिनिटांचा संदेश, प्रार्थना, आशीर्वचन. सगळं मिळून वीस-बावीस मिनिटं.

पहिलं रेकॉर्डिंग पाळकसाहेबांच्या घरात केलं. पंखा बंद, खिडकीला गोधडी. पेटी आणि ढोलकी एकत्र वाजली की शब्द बुडायचे, म्हणून ढोलकी दाराबाहेर बसवली. साहेबांनी स्तोत्र १२१ वाचलं आणि संदेशाला सुरुवात केली ती नेहमीच्या खणखणीत आवाजात, मागच्या बाकापर्यंत पोचवायच्या सवयीनं. फोनमध्ये तो आवाज फाटला. मी म्हटलं, "साहेब, समोर सभा नाही. एका कोपीच्या दारात बसलोय असं समजा." ते थोडा वेळ गप्प बसले. मग ज्या आजी पायदुखीमुळे तोडीला न जाता गावातच राहिल्या होत्या, त्यांच्या मुला-सुनेला उद्देशून बोलल्यासारखं बोलू लागले. आवाज खाली आला, वाक्यं लहान झाली. मी त्यांचे संदेश लहानपणापासून ऐकत आले आहे, पण असं बोलताना त्यांना मी केवळ आजाऱ्याच्या खाटेशी पाहिलं होतं. शेवटी आशीर्वचनाआधी ते म्हणाले, "ऐकून झालं की एक शब्द तरी पाठवा. तुमचा आवाज आम्हालाही ऐकू द्या." हे आमच्या ठरवण्यात नव्हतं. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून उभं राहिलं.

रविवारी दुपारपासून उत्तरं येऊ लागली. लिहिलेली थोडी, बोललेली जास्त. "सलाम साहेब, सगळे सुखरूप हाये." "सलाम बाई, गीत पुन्यांदा लावा, पोरांना पाठ करायचंय." एका बाईनं तर अख्खी प्रार्थनाच बोलून पाठवली. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज, मधेच कोणीतरी हाक मारतंय, आणि ही बाई गावाकडच्या सासूसाठी, पाळकसाहेबांसाठी, मुकादमासाठीसुद्धा प्रार्थना करते आहे. शेवटी तिनं सांगितलं की शेजारच्या कोपीतल्या मावशीही येऊन ऐकत बसल्या, त्यांच्या नातवाला ताप आहे, त्याचंही नाव घ्या.

त्या मावशी आमच्या मंडळीच्या नाहीत, ख्रिस्तीही नाहीत. सुवार्ताकार्याच्या योजना आम्ही कमिटीत कितीतरी मांडल्या असतील. पत्रकं, सभा, स्पीकर. यातलं काहीच न करता एका तोडकरी बाईनं फोन मधे ठेवला आणि शेजारणीला जवळ बसवलं. तिला मी आमच्या तालुक्यातली पहिली इंटरनेटवरची सुवार्तिका मानते आणि हे मोठ्या अभिमानानं म्हणते.

चर्चनं इंटरनेटच्या नादी लागू नये, असं काही ज्येष्ठांचं म्हणणं होतं. त्यांचा आदर ठेवूनही मला ते पटलं नाही. आपली परंपराच मुळी नवं साधन हाती घेणाऱ्यांची. 'ज्ञानोदय' १८४२ साली याच नगरमधून निघाला. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात मराठी छपाईचे खिळे घडले, आणि निर्णयसागरचे जावजी दादाजी ते काम तिथेच शिकले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि केडगावच्या मुक्ती आश्रमातल्या बायकामुलींच्या हातांनी ते छापून घेतलं. माझे वडील संध्याकाळी रेडिओ कानाशी धरून शॉर्टवेव्हवर सेशेल्स बेटांवरून येणारे फेबा या ख्रिस्ती रेडिओचे कार्यक्रम शोधायचे. खरखरीतून आवाज लागला की आम्हा मुलांना बोलायची बंदी. पण त्यांना खरा आनंद व्हायचा तो पोस्टमन आला की. पोस्टानं बायबलचा अभ्यासक्रम चालायचा. प्रश्नपत्रिका सोडवून पाठवली की तपासून परत यायची, आणि समासात कोणीतरी हातानं दोन ओळी लिहिलेल्या असायच्या. कोण लिहितं ते आम्हाला कधी कळलं नाही. वडिलांनी ते सगळे कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. रेडिओ हजारोंनी ऐकला असेल. आमच्या वडिलांना मात्र समासातल्या त्या ओळी लिहिणाऱ्यानं धरून ठेवलं.

म्हणून मी हट्ट धरला की आलेल्या प्रत्येक आवाजाला माणसानं उत्तर द्यायचं. महिला मंडळातल्या आम्ही चौघींनी नंबर वाटून घेतले. दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की फोन करायचे. एक वही घातली: कुठून बोलले, काय विचारलं, कोणी उत्तर दिलं, पुन्हा कधी बोलायचं. तेव्हाच एक अडचण लक्षात आली. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश ज्यांनी आपला नंबर साठवून ठेवला आहे त्यांनाच मिळतो. कित्येक घरांना फाइल पोचतच नव्हती आणि आम्ही समजत होतो की त्यांना ऐकायचं नाही. मग एकेका घराला फोन करून नंबर साठवून घ्यायला लावला. पोरांनाच ते काम जमायचं. आई-बापांच्या फोनचे खरे मालक तेच.

वहीच्या पहिल्या पानावर आम्ही काही नियम लिहिले. आजाऱ्याचं नाव रेकॉर्डिंगमध्ये घ्यायचं नाही. कोणाला न विचारता ग्रुपमध्ये ओढायचं नाही. अठरा वर्षांच्या आतलं मूल असेल तर आई-वडिलांशी बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. दानार्पणाचा विषय आपण होऊन काढायचा नाही. आणि ताप असो की पोटदुखी, प्रार्थनेच्या आधी विचारायचं, "दवाखान्यात नेलं का?" त्या मावशींच्या नातवाच्या बाबतीत हेच विचारलं होतं. कारखान्याच्या दवाखान्यात त्याला दाखवलं, तो बरा झाला, आणि प्रार्थना आम्ही दोघांसाठी केली, डॉक्टरांसाठी आणि त्याच्यासाठी.

दवाखान्याचा हा नियम मी इतका धरून बसते त्याला कारण आहे. फोनवर येशूच्या नावानं काय काय येतं ते मी बघते. हात स्क्रीनवर ठेवा, रोग जाईल. खाली क्यूआर कोड आहेच. आजारी माणसाच्या धास्तीवर उभी राहिलेली अशी वाहिनी कितीही लोक बघोत, तिला मी सुवार्ता म्हणणार नाही. शिवाय आपल्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांत आधीच संशय आहे, की ही माणसं आमिष दाखवतात. तो संशय आपण सगळं उघडपणे, धीरानं आणि काही न मागता करत राहिलो तरच फिटेल.

चर्च बंद असताना प्रभुभोजनाचा वाद बराच गाजला. घरोघर भाकर आणि द्राक्षरस घेऊन पडद्यासमोर बसावं, असं तरुणांचं म्हणणं. वडीलधाऱ्यांना ते मान्य नव्हतं. पाळकसाहेबांनी थांबायचं ठरवलं. नोव्हेंबर २०२० मध्ये, दिवाळीच्या पाडव्याला राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली आणि मग भाकर हातातून हातात गेली. थांबलो ते योग्यच झालं असं मला वाटतं. आवाज पाठवता येतो. भाकर देणाराचा हात पाठवता येत नाही.

पुढे आमचं यूट्यूब चॅनेलही झालं. त्यावर स्वामित्वहक्काचा पहिला आक्षेप आला तो रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनावर. टिळक १९१९ साली गेले. त्यांच्या शब्दांवर आज कोणाचाही हक्क उरलेला नाही. चालही आमच्या आजीच्या पिढीपासून गळ्यात बसलेली. तरी कोणीतरी त्याच गीताचा अल्बम काढलेला होता आणि यूट्यूबच्या यंत्रणेनं आमची पेटी त्यांची ठरवली. तरुण संघाच्या एका मुलीनं सगळा पत्रव्यवहार करून तो आक्षेप उठवला. 'उपासना संगीत'मधली गीतं गाणाऱ्या प्रत्येक मंडळीनं हे समजून घ्यायला हवं. घाबरून गीत काढून टाकू नये, उत्तर लिहावं.

त्याच भजनामुळे एक तरुण आमच्याशी जोडला गेला. भिवंडीला गोदामात काम करणारा, घरचे वारकरी. त्यानं विचारलं, "हे अभंगासारखं आहे, मग येशूचं कसं?" त्याच्याशी मी आणि पाळकसाहेब पुष्कळ बोललो. टिळकांबद्दल, त्यांच्या कीर्तनांबद्दल, लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'बद्दल. ते पुस्तक त्यानं मिळवून वाचलं. चर्चला येऊ का म्हणाला तेव्हा साहेबांनी सांगितलं, आधी आईला सांग, तिला अंधारात ठेवून येऊ नको. तो आला, बसला, गेला. बाप्तिस्मा घेतला नाही. आजही नाताळाला त्याचा फोन येतो आणि आषाढीला मी त्याला करते. कमिटीत एकानं विचारलं, मग यातून मिळालं काय? मला हा प्रश्नच कळत नाही. एका माणसाला आपण येशूविषयी जे खरं मानतो ते सांगितलं, त्यानं मनापासून ऐकलं. पुढचं देवाकडे.

आता कमिटीपुढे दुसरा कॅमेरा घ्यायचा प्रस्ताव आहे. मुलांनी कोटेशन आणलं आहे आणि त्यांचं काम चांगलं आहे, यात वाद नाही. मी माझा प्रस्ताव लेखी दिला आहे: आधी फोन करणाऱ्या बायकांच्या रिचार्जची आणि दोघींच्या मानधनाची तरतूद करा, उरेल त्यात कॅमेरा घ्या. चौघींपैकी एक आता थकल्या आहेत, त्यांच्या जागी दोन तरी नव्या हव्यात, आणि त्यांना निदान एक हंगाम आमच्यासोबत बसवून शिकवायला हवं. आल्या फोनला उत्तर द्यायला माणूस नसेल तर मोठ्या चित्रानं आमचं काय साधणार?

निर्णय पुढच्या सभेत होईल. तोवर नंबर गोळा करायचे आहेत. टोळी बदलली, मुकादम बदलला की सिमही बदलतं, आणि गेल्या वर्षीच्या वहीतले निम्मे नंबर आज लागत नाहीत. यंदाच्या टोळ्या निघायच्या आधी वाड्यावस्त्यांवर जाऊन प्रत्येक घराचा चालू नंबर उतरवून घ्यायचा, आमचा त्यांच्या फोनमध्ये घालून द्यायचा, आणि कोण कुठल्या कारखान्यावर चाललं ते विचारून ठेवायचं. शाळेला सहामाहीची सुट्टी लागेपर्यंत थांबलो तर पहिले ट्रॅक्टर गेलेले असतात, म्हणून या वेळी शनिवार-रविवारीच निघायचं ठरवलं आहे.