डॉक्टरसाहेबांची अमानत

मी जळगावात राहतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. अशा गावात बसून मी मोटारीच्या हिटरवर लेख लिहितो आहे म्हटल्यावर घरात हशा पिकला. बेगम म्हणाली, "कूलरवर लिहा, चार लोक वाचतील तरी."

पण ज्यांनी खान्देशचा फक्त उन्हाळा ऐकला आहे त्यांना इथली थंडी ठाऊक नसते. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या हिवाळ्यात अनेकदा छापून येतात. माझे लहानपण त्या धुळ्यातले. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, त्या गावात गॅरेजांना काय तोटा? अब्बांनी १९६२ साली आग्रा रोडवर चार पत्र्यांच्या शेडमध्ये आपले गॅरेज सुरू केले. शिक्षण नगरपालिकेच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत. घरात बोली आमची, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि हिशेबाची वही मराठीत. फजरची नमाज पढून ते शेड उघडत. थंडीत लोखंडी पाना हाताला चिकटल्यासारखा वाटे, म्हणून आधी टायरचे तुकडे जाळून हात शेकत.

या हकिकतीची सुरुवात मात्र गाडीपासून नाही, शेगडीपासून आहे.

१९७१ च्या थंडीत माझी फूफी बाळंतपणाला आमच्या घरी आली होती. रिवाजाप्रमाणे बाळंतिणीच्या खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवलेली. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. त्या रात्री बाळ रडत होते म्हणून दादीने त्याला आपल्या खोलीत नेले. सकाळी दार उघडले तेव्हा फूफी गेली होती. चेहरा असा, की झोपेत आहे. मोहल्ल्यात कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले असर आहे. गल्लीच्या तोंडाशी नुकताच दवाखाना थाटलेले एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी अब्बांना बाजूला बसवून समजावले. कोळसा बंद खोलीत अर्धवट जळतो तेव्हा एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. रक्त ज्या जागी प्राणवायू वाहून नेते ती जागाच तो पकडतो, आणि प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट पकडतो. माणूस गुदमरत नाही, धडपडत नाही, नुसता झोपून जातो. "मिस्त्री, हाच वायू तुमच्या गाड्यांच्या सायलेन्सरमधून रोज निघतो," असेही ते म्हणाले.

दादीजवळ झोपलेले ते बाळ, म्हणजे माझी फुफेरी बहीण, आज मालेगावात नातवंडांत आहे.

त्याच डॉक्टरसाहेबांनी १९७४ साली मुंबईहून एक जुनी फोक्सवॅगन बीटल आणली. १९६७ चे मॉडेल, रंग फिकट निळा. ती धुळ्यात आली तेव्हा पोरे मागे पळत आणि "भुंगा आला, भुंगा आला" म्हणून ओरडत. अब्बांनी बॉनेट उघडले तर आत इंजिन नाही! इंजिन मागे. आणि रेडिएटर तर कुठेच नाही. पाण्यावाचून चालणारे इंजिन अब्बांनी स्कूटरला पाहिले होते, मोटारीला पहिल्यांदाच पाहिले. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याच्या घेरात एक मोठा पंखा असतो. तो वारा फेकतो आणि त्या वाऱ्यावर सिलिंडर थंड राहतात. फर्डिनंड पोर्शे यांनी ही गाडी रचली. पुढे त्यांच्या घराण्याने ज्या नामांकित स्पोर्ट्स कार काढल्या त्यांच्यातही हेच तत्त्व होते. पोर्शे ९११ तर १९९८ पर्यंत वाऱ्यावरच थंड होत राहिली. बीटल २००३ साली मेक्सिकोत बंद झाली तोवर दोन कोटी पंधरा लाख बनल्या होत्या.

आता ज्या गाडीत पाणी नाही तिचा हिटर चालणार कसा? इतर गाड्यांत इंजिनाचे गरम पाणी हिटरला मिळते. इथे युक्ती वेगळी. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पुढच्या सिलिंडरांचा जळका धूर सायलेन्सरकडे नेणारा एकेक पाइप असतो. त्याच्याभोवती पातळ पात्यांचे आवरण आणि त्यावर पत्र्याचा डबा. पंख्याचा थोडा वारा रबरी नळीने या डब्यात येतो, तापलेल्या पाइपाला घासून गरम होतो आणि दारांखालच्या पोकळ पेटीतून पायांजवळ आणि पुढच्या काचेखाली निघतो. हँडब्रेकच्या दोन बाजूंना दोन छोटे दांडे असतात. एकाने गरम हवा सुरू होते, दुसऱ्याने मागच्या सीटकडची झडप उघडते. साहेबांच्या गाडीत हे सगळे होते. पोर्शेतही डब्यांची हीच रचना.

म्हणजे एका बाजूला तुम्ही श्वासात घेणार ती हवा, दुसऱ्या बाजूला मारणारा धूर आणि मध्ये फक्त एका पाइपाची भिंत. भिंत शाबूत तर ऊब, भिंत फुटली तर शेगडी.

१९८६ च्या जानेवारीतली गोष्ट. डॉक्टरसाहेब रात्री-अपरात्री खेड्यांवर रुग्ण पाहायला जात. साक्री, शिरपूर, दोंडाईचा. थंडीत हिटर लावून जात आणि परत आले की डोके ठणके, मळमळे. जागरणाने होत असेल असे त्यांना वाटे. एकदा तेल बदलायला गाडी आली तेव्हा बोलता बोलता ही तक्रार निघाली. अब्बांनी हातातला पाना खाली ठेवला आणि विचारले, "साहेब, डोके हिटर चालू असताना दुखते की बंद असतानाही?"

डॉक्टरसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच शिकवलेला धडा मिस्त्री त्यांना परत देत होता. जुन्या गाडीत पेट्रोल-तेलाचा वास नेहमीचाच, त्यात हा वेगळा धूर कोणाला कळणार?

अब्बांनी त्याच दिवशी दोन्ही डबे उतरवले. पाइपाचे एक तोंड लाकडी बूच ठोकून बंद केले, दुसऱ्या तोंडातून हवा भरली आणि पंक्चर पाहतात तसे पाण्याच्या हौदात बुडवले. उजवा डबा गप्प राहिला. डाव्यातून बुडबुडे आले. चीर आत, पात्यांच्या गर्दीत होती. तिथे वेल्डिंगची दांडी पोचत नव्हती. नवा डबा त्या काळात बाहेरून मागवणे म्हणजे परवान्यांचा खेळ. अब्बांनी साधे वाकवलेले पाइप बसवले आणि पंख्याच्या घेराला डब्यांकडे जाणारी जी दोन तोंडे होती ती पत्रा कापून बंद केली. ती उघडी राहिली असती तर इंजिनाचा वारा वाया जाऊन खान्देशच्या उन्हात इंजिन जळाले असते. हिटर गेला, डोकेदुखीही गेली.

उतरवलेले डबे मात्र अब्बांनी भंगारात दिले नाहीत. ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेवले. २००९ साली अब्बा अल्लाला प्यारे झाले. धाकट्या भावाने गॅरेज पुढे चालवले. मी जळगावात शिक्षकी करून निवृत्त झालो.

२०२३ च्या ऑक्टोबरात डॉक्टरसाहेबांच्या मुलीचा मला फोन आला. ती जळगावातच असते. "सर, बाबा ऐंशीच्या पुढे गेले. आईबरोबर ते दर जानेवारीत याच गाडीने तोरणमाळला जायचे. आता एकच हट्ट धरलाय, एकदा पुन्हा जायचे. गाडी चालते, पण त्यांना थंडी सोसत नाही. तुमच्या भावाला हिटर पुन्हा बसवता येईल?" तोरणमाळ सातपुड्यात, हजार मीटरांहून उंच. पूर्वी ते धुळे जिल्ह्यातच होते, १९९८ साली नंदुरबार वेगळा झाला तेव्हा तिकडे गेले. जानेवारीच्या पहाटे तिथे दात वाजतात. मी भावाला न विचारताच "होईल, ताई," म्हणून टाकले.

मग माझ्या एरंडोल-पारोळा मार्गे धुळ्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. भावाने आधी दारांखालच्या पेट्या तपासल्या. या पेट्यांवर गाडीच्या सांगाड्याची बरीच भिस्त असते, त्या गंजल्या तर हिटर राहतो बाजूला, गाडीच वाकते. आमच्या कोरड्या हवेने त्या वाचल्या होत्या. पण आत हवाच जाईना. तार घालून ओढले तर कापूस निघाला. उंदरांनी खान्देशच्या पांढऱ्या सोन्याची घरटी केली होती! बादलीभर कापूस आणि सरकी काढली. झडपांच्या तारा गंजून अडकल्या होत्या, त्या बदलल्या. इंजिनाच्या कप्प्याभोवतीचे रबर नवे घातले, कारण पंखा तिथलीच हवा ओढतो. खालचा धूर वर आला तर तोच गाडीत जाणार. धुराच्या प्रत्येक सांध्याचे गॅस्केट नवे. अब्बांनी लावलेले पत्रे काढून नळ्या जोडल्या.

राहिले दोन डबे. गोणपाट सोडले तर उजवा जसाच्या तसा. डावा भावाने पुन्हा हौदात बुडवला, पुन्हा बुडबुडे. त्याने एका बाजूचा पत्रा कापून, जमेल तिथवर पोचून पितळी डाग दिला. आता बुडवला तर एकही बुडबुडा नाही. मी खूश झालो. तोरणमाळला जायला चार दिवस होते.

भाऊ मात्र खूश नव्हता. त्याने हा वायू मोजणारे बॅटरीवरचे छोटे यंत्र आणले होते. गाडी चालू करून त्याने ते पायाजवळच्या झडपेशी ठेवले. पाच मिनिटे शून्य. दहा मिनिटे शून्य. पाइप नीट तापला तसा आकडा हलला. वीस, चाळीस, सत्तर. थंड असताना मिटलेली चीर लोखंड फुगल्यावर उघडत होती.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. शेडमध्ये आम्ही दोघे आणि हाताखालचा एक पोरगा, एवढेच होतो. मी म्हणालो, "अरे, हिटर असून किती वेळ लावणार? काच जरा खाली ठेवायला सांगू. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे, जर्मनीहून डबा यायला दोन महिने लागले आणि तोवर काही बरेवाईट झाले तर?" बी.एड. झालेला, आयुष्यभर मुलांना मूल्यशिक्षण शिकवलेला मी हे बोललो.

भाऊ काही बोलला नाही. आत जाऊन त्याने अब्बांची जुनी वही आणली आणि पान काढून माझ्यासमोर धरले. अब्बांच्या चौथीतल्या अक्षरात लिहिले होते, "डॉक्टरसाहेबांच्या गाडीचे हिटरचे दोन डबे. अमानत. डावा आतून फुटला. कोणी लावू नये."

"भाईजान," तो म्हणाला, "हे अब्बांनी कोणासाठी लिहिले? गिऱ्हाईक तर वही वाचत नाही."

मी ताईला फोन केला आणि खरे ते सांगितले. ती गप्प झाली. मग फोन डॉक्टरसाहेबांनी घेतला. आवाज थकलेला, पण हसू आले त्यांना. म्हणाले, "तुमचे अब्बा असते तर त्यांनीही हेच सांगितले असते. मी थांबतो."

नवा डबा जानेवारीच्या शेवटी आला. त्याची किंमत गाडीच्या निम्म्या मजुरीएवढी होती. भावाने आपली मजुरी कमी केली, ते मला नंतर कळले. नवा डबा हौदात बुडवून पाहिला, मग बसवला. अर्धा तास इंजिन तापवले, एक तास लळिंगच्या घाटात चालवले. यंत्राचा आकडा शून्यावरून हलला नाही.

फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात पहाटे दोंडाईचा-शहादा मार्गे आम्ही निघालो. भाऊ चालवत होता, शेजारी डॉक्टरसाहेब, मागे ताई आणि मी. यंत्र आरशाला टांगलेले. शहादा सोडून चढ लागला तेव्हा बाहेर धुके होते. भावाने हँडब्रेकजवळचा दांडा ओढला. थोड्या वेळाने पायाला ऊब आली. डॉक्टरसाहेबांनी शाल गुडघ्यांवरून बाजूला केली आणि यंत्राकडे पाहिले. मग डोळे मिटून घेतले. मी दचकलो, पण ते झोपले नव्हते. म्हणाले, "मिस्त्रींनी विचारले नसते तर मी शहाऐंशी सालीच गेलो असतो. माझ्या लक्षात आले नव्हते हो."

परत आल्यावर भावाने डाव्या डब्याचे काय करायचे ते त्यांना विचारले. अब्बांनी तो कधी मोडला नव्हता, वस्तू दुसऱ्याची होती. डॉक्टरसाहेबांनी परवानगी दिली. भावाने तो ऐरणीवर ठेवला आणि घणाने चपटा केला. उद्या कोणा गरजू माणसाला तो फळीवर सापडू नये, आणि माझ्यासारखा कोणी सल्ला द्यायला शेजारी उभा असू नये, म्हणून.

मग त्याने वही काढली आणि अब्बांच्या ओळीखाली तारीख घालून लिहिले, "अमानत परत केली."